ओसाड वास्तूंची ओढ

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर कुंभारी येते. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या या गावाची ओळख गेल्या वीसेक वर्षांत बदलली ती घरांमुळे. २००६ मध्ये इथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने महिला विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. पाठोपाठ असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर आले. त्याची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये झाली आणि पहिल्या १५ हजार घरांचा ताबा १९ जानेवारी २०२४ रोजी देण्यात आला. विडी वळणाऱ्या बाया, यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरा वेचणारे अशा लोकांच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा पक्के घर लागले.

ज्या शहरातून हे लोक आले तिथे याच काळात उलटे चित्र होते. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी ही नावे सोलापुरात आजही पत्ता सांगायला वापरतात, पण त्या नावांच्या गिरण्या केव्हाच थांबल्या. जुन्या पेठांतले वाडे कुलपात गेले. गिरणीच्या आवारात बाभळी वाढल्या, वाड्याच्या माळवदावर पिंपळ उगवला. अशा पडीक जागी आता नवे पाहुणे येऊ लागले आहेत, खांद्यावर कॅमेरा आणि हातात विजेरी घेतलेले. जगभर या छंदाला अर्बन एक्सप्लोरेशन किंवा थोडक्यात अर्बेक्स म्हणतात. महाराष्ट्रात त्याच्या संघटना फारशा नाहीत, पण मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे हौस गावोगाव पोहोचली आहे. तिच्याभोवतीचा वाद तीन प्रश्नांचा आहे: रिकामी वास्तू माणसाला का खेचते, तिथे जाणे निरुपद्रवी आहे का, आणि ती वास्तू आता नेमकी कोणाची?

हौस जुनी, नाव नवे

पडक्या जागी पाय वळणे मराठी माणसाला नवे नाही. गडकोटांवरची भटकंती ही भग्न वास्तूंचीच भटकंती आहे. गो. नी. दांडेकरांनी तिला लेखणीचे बळ दिले, गिर्यारोहण संस्थांनी शिस्त दिली आणि आज पावसाळ्यातल्या रविवारी लोहगड किंवा हरिहरच्या पायऱ्यांवर रांग लागते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूदृश्यांत बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून नोंदवले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. किल्ला पडका असला तरी त्यावर जाणाऱ्याला कोणी चोरटा म्हणत नाही, कारण त्या पडझडीमागे सगळ्यांना आपला वाटणारा इतिहास आहे. गिरणी किंवा वाडा यांच्या वाट्याला ही सर्वमान्यता आलेली नाही. दुर्गभ्रमण आणि अर्बेक्स यांतला खरा फरक इथेच असावा. धाडस दोन्हीकडे सारखेच आहे.

आणखी एक, कमी प्रतिष्ठेचा पूर्वज आहे. सोलापूर-मराठवाडा पट्ट्यात गावोगाव पाटला-देशमुखांच्या गढ्या आहेत. बहुतेकींचे आता मातीचे ढिगारे उरलेत. या गढ्यांत रात्री कुदळ-फावडे घेऊन शिरणारे लोक पिढ्यानपिढ्या होते, गुप्तधनाच्या आशेने. इंग्रजांनी १८७८ मध्येच निधी-शोधाचा कायदा केला आणि दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचे घबाड सापडल्यास कळवणे बंधनकारक केले. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही गुप्तधनासाठी केलेल्या अघोरी प्रकारांचा स्वतंत्र उल्लेख आहे. व्हिडिओसाठी गढीत उतरलेल्या पोराकडे गावकरी आधी संशयाने का बघतात, ते यावरून समजते.

परदेशात हा छंद स्वतःकडे जाणीवपूर्वक पाहू लागला तो विसाव्या शतकाच्या शेवटी. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या केव्ह क्लॅन या गटाने १९८६ पासून शहराखालचे नाले धुंडाळले. टोरांटोच्या जेफ चॅपमन याने १९९६ मध्ये ‘इन्फिल्ट्रेशन’ हे छोटे नियतकालिक काढले आणि काही फोडू नये, काही उचलू नये, फक्त पाहावे असा संकेत रुजवला. ब्रॅडली गॅरेट या भूगोलाच्या अभ्यासकाने २०१३ मध्ये पुस्तक लिहून या भटक्यांचे तत्त्वज्ञान मांडले. त्याच्या मते आधुनिक शहराचा मोठा भाग रहिवाशांना बंद असतो, आणि ही बंदी मोडून शहर पुन्हा आपलेसे करणे हा या भटकंतीचा अर्थ आहे.

ओढ कशाची?

या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्यांत तीन-चार घराणी दिसतात. सर्वांत जुने घराणे सौंदर्यवाद्यांचे. ऑस्ट्रियाचे कला-इतिहासकार आलोइस रीगल यांनी १९०३ मध्ये वास्तूच्या ‘वयाचे मूल्य’ वेगळे काढून दाखवले. एखाद्या स्मारकाचा इतिहास समजायला अभ्यास लागतो, पण ते जुने आहे, झिजले आहे हे कोणालाही दिसते आणि भिडते. चार वर्षांनी जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी भग्नावशेषांवर निबंध लिहिला. माणसाने दगड वर चढवले, निसर्ग ते खाली ओढतो, आणि या ओढाताणीत काही काळ जो तोल साधतो त्यात अवशेषाची मोहिनी आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांची एक अट मात्र नेहमी विसरली जाते. जिथे माणसाने मुद्दाम केलेली नासधूस दिसते तिथे ही मोहिनी उरत नाही, असे ते सांगतात. छप्पर उतरवून, सागवानी तुळया विकून उघडा केलेला वाडा या कसोटीला उतरणार नाही.

दुसरे घराणे शरीराला धरून बोलते. ब्रिटिश अभ्यासक टिम एडेन्सर यांनी २००५ मध्ये औद्योगिक अवशेषांवर लिहिताना दाखवले की मॉल, ऑफिस, फलाट या जागा माणसाला ठरल्या वाटेनेच चालवतात. बंद कारखान्यात तशी वाट नसते. पायाखाली काच, नाकात शेवाळाचा वास, अंगावर कबुतरांची फडफड. पुढचे पाऊल कुठे टाकायचे हे आपले आपण ठरवायचे. मानसशास्त्रज्ञ यालाच उत्तेजनाची भूक म्हणतील. दोन्ही स्पष्टीकरणे खरी वाटतात, पण भटक्याला कोणत्याही गुहेत जे मिळेल त्याहून गिरणीत वेगळे काय मिळते, हे त्यांतून पुरते उलगडत नाही.

ते उलगडते तिसऱ्या, भुताखेतांच्या वाटेने. मराठीत रिकाम्या वाड्याची कल्पना भयकथेपासून सुटी करता येत नाही. शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. १८२८ च्या आगीत वाडा जळाला, तरी अमावास्येला त्यांची आर्त हाक ऐकू येते ही दंतकथा उरलीच. नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या कथांनी हे भय घराघरांत नेले आणि २०१८ च्या ‘तुंबाड’ने पडद्यावर वाडा, हाव आणि शाप यांची गाठ घातली. त्या चित्रपटातल्या वाड्याचे चित्रण सासवडच्या वाड्यात झाले होते. मुंबईत कुलाब्याची मुकेश मिल १९८२ च्या आगीनंतर बंद पडली आणि चित्रीकरणाची जागा म्हणून, तशीच ‘झपाटलेली’ म्हणूनही प्रसिद्ध झाली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशाच बदनाम जागी मुद्दाम रात्री जाऊन दाखवतात. म्हणजे एकाच पडक्या दारातून एक जण भूत शोधायला शिरतो आणि दुसरा ते नाही हे सिद्ध करायला. व्हिडिओ दोघांचेही बघितले जातात.

चौथे उत्तर साधे आहे. माणसाला दुसऱ्याच्या आयुष्यात डोकावायला आवडते. भिंतीवर राहिलेले दिनदर्शिकेचे पान, हजेरीपटाचा तुकडा, कोनाड्यातली काजळी यांतून तिथे कोण राहत होते, का गेले, असे प्रश्न उभे राहतात. इथे वाद खऱ्या अर्थाने सुरू होतो, कारण ‘का गेले’ याचे उत्तर बहुतेक वेळा सुखाचे नसते.

गेलेल्यांच्या बाजूने

सोलापूरची जुनी मिल म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी. १८७० च्या दशकात तिने शहराला गिरणगाव केले. ऑगस्ट १९४९ मध्ये ती बंद पडली, हजारो कामगार रस्त्यावर आले आणि जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला. भागधारक न्यायालयात गेले. चिरंजीतलाल चौधरी खटल्यात १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची कृती उचलून धरली. १९५३ मध्ये द्वारकादास श्रीनिवास खटल्यात मात्र भरपाईविना मालमत्ता हिरावली म्हणून कायदा रद्द केला. हे दोन्ही निकाल आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवले जातात. नव्या राज्यघटनेखाली मालमत्तेचा हक्क म्हणजे काय, याची पहिली कसोटी सोलापूरच्या एका बंद गिरणीवर लागली, हे मात्र त्या आवाराजवळून रोज जाणाऱ्या फार थोड्यांना माहीत असेल. पुढे लक्ष्मी-विष्णू १९९० च्या दशकात थांबली, मग सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाकडची नरसिंग गिरजी. भोंगे बंद झाले. माणसे यंत्रमागावर, रिक्षावर, पुण्या-मुंबईला गेली. बायका विडी वळतच होत्या, आता त्या विडीवर घर चालू लागले.

अशा घरातल्या माणसाला साचाखात्याच्या मोडक्या भिंतीवरचे ऊन सुंदर वाटावे, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. अमेरिकेत डेट्रॉईटच्या बाबतीत हाच आक्षेप मोठ्याने घेतला गेला. मोटार उद्योग ओसरल्यावर तिथली थिएटरे, शाळा आणि १९८८ पासून बंद असलेले मिशिगन सेंट्रल स्टेशन छायाचित्रकारांचे तीर्थ बनले. २०१० मध्ये दोन फ्रेंच छायाचित्रकारांचे देखणे पुस्तक आले तेव्हा स्थानिकांनी विचारले, या चित्रांत माणसे कुठे आहेत? शहरात लाखो लोक राहत असताना ते मेल्यासारखे का दाखवता? ऱ्हासाचा चवीने घेतलेला आस्वाद, असा तो आरोप होता.

समर्थकांचे उत्तर दुर्लक्ष करण्याजोगे नाही. १९८२ च्या संपानंतर मुंबईतल्या गिरण्या एकेक करून पाडल्या गेल्या. पाडण्यापूर्वी त्यांच्या आतून काढलेली छायाचित्रे पुष्कळदा एवढीच नोंद उरली आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ मध्ये गिरणगावातल्या माणसांच्या तोंडच्या आठवणी ग्रंथरूपाने आणल्या. चित्र आणि आठवण एकत्र आली तर दोन्हींचे मोल वाढते, हे त्या कामाने दाखवले. फक्त भिंती टिपणारा कॅमेरा अर्धेच काम करतो, असे त्यावरून म्हणता येईल.

किल्लारीत हा ताण आणखी तीव्र आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली हजारो माणसे दगड-मातीच्या घरांखाली गेली. ५२ गावे पूर्णपणे दुसरीकडे वसवली गेली. जुन्या गावठाणाचे अवशेष तसेच राहिले. बाहेरच्याला तो भग्न गावाचा देखावा असेल. दर वर्षी त्या तारखेला श्रद्धांजली वाहायला येणाऱ्यासाठी ते घर आणि स्मशान दोन्ही आहे. उजनी धरणातल्या पळसदेवची गोष्ट थोडी निराळी. पाणी खूप ओसरले की तिथले बुडालेले प्राचीन मंदिर उघडे पडते आणि बघ्यांच्या होड्या निघतात. तिथे विस्थापितही येतात, पर्यटकही, आणि दोघांचे फारसे भांडण होत नाही. देव अजून तिथला मानला जातो, हे एक कारण असावे.

धोका आणि कायदा

वाद सर्वांत कमी आहे तो धोक्याबद्दल. सोलापूरकडच्या जुन्या घरांचे माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर जाड मातीचा थर. दर वर्षी डागडुजी झाली नाही की पाणी मुरते आणि बाहेरून धड दिसणारे छत आतून कुजते. अंगणातले पेव, म्हणजे धान्य साठवायचे जमिनीतले बळद, अनेकदा झाकणाविना असते आणि त्यात कोंडलेली हवा जीव घेऊ शकते. आड, साप, वटवाघळांची विष्ठा, गिरणीतले उघडे हौद ही यादी भटक्यांनाही ठाऊक असते.

माणसापासूनचा धोका वेगळा. २२ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या बंद शक्ती मिलमध्ये कामानिमित्त छायाचित्रे काढायला गेलेल्या तरुण छायाचित्र-पत्रकार स्त्रीवर सामूहिक अत्याचार झाला. २०१४ मध्ये तिघांना फाशी सुनावली गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. या घटनेतून दोन अर्थ काढले गेले. एकाने म्हटले, अशा जागी जाऊच नये. दुसऱ्याने विचारले, शहराच्या मध्यभागी इतकी मोठी जागा वर्षानुवर्षे राखणीविना ठेवणाऱ्यांची जबाबदारी काय? दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे, पण चर्चा पहिल्यावरच जास्त झाली. अर्बेक्सच्या धाडसाचे गोडवे गाताना हेही लक्षात ठेवावे लागते की ही भटकंती सगळ्यांना सारखी उपलब्ध नाही.

कायद्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ नुसार फौजदारी अतिक्रमणाला तीन महिन्यांपर्यंत, तर गृह-अतिक्रमणाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण दोन्हींसाठी गुन्हा करण्याचा किंवा ताबेदाराला धमकावण्याचा, अपमानित करण्याचा, त्रास देण्याचा हेतू लागतो. केवळ कुतूहलाने शिरलेला त्यात बसतो का, यावर युक्तिवाद होऊ शकतो. दिवाणी दावा आणि चौकीदाराची काठी हे पर्याय तर आहेतच. जिथे पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे तिथे नियम वेगळे आणि कडक. राजस्थानात भानगडला सूर्यास्तानंतर प्रवेशबंदीचा फलक आहे, आणि त्याच फलकाचे फोटो काढायला लोक जातात.

रिकाम्या वास्तूचे पुढे काय?

वास्तू रिकामी का राहते, हे पाहिल्याशिवाय पुढचे बोलणे अपुरे राहते. वाड्यांच्या बाबतीत बहुतेकदा भाऊबंदकी असते. हिस्सेदार वाढतात, दावा चालतो, कुलूप गंजते. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्याने सर्व मुलांचा वाटा ठरलेला आहे, आणि वारस लिस्बन, लंडन, मुंबईला पांगलेले. त्यामुळे साल्सेतमधली मोठमोठी घरे सह्यांअभावी बंद राहतात. गिरण्यांच्या बाबतीत देणी, कामगारांचे दावे आणि जमिनीचा भाव यांची गुंतवळ असते. मुंबईत १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले होते: पालिका, गृहनिर्माण आणि मालक. २००१ च्या बदलाने हा हिशेब फक्त मोकळ्या जमिनीपुरता उरला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. परळ-लोअर परळचे आजचे टॉवर त्यातूनच वर गेले.

पुनर्वापराची उदाहरणे आशादायक आहेत, पण सगळी सारखी नाहीत. सोलापुरात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे जुने घर स्मारक झाले. शहरापासून पन्नासेक किलोमीटरवरचा नळदुर्ग २०१४ मध्ये ‘महाराष्ट्र वैभव’ योजनेखाली संगोपनासाठी सोलापूरच्याच एका कंपनीला देण्यात आला. स्वच्छता, बागा, प्रवेशशुल्क आले आणि बोरी नदीवरचा पाणीमहाल पाहायला गर्दी वाढली. खासगी हातात वारसा द्यावा का, यावर मतभेद आहेत. किल्ला आधीपेक्षा नीट राखला गेला, हे बहुतेक जण मान्य करतात. डेट्रॉईटचे ते स्टेशन फोर्ड कंपनीने २०१८ मध्ये विकत घेऊन २०२४ मध्ये पुन्हा उघडले. जपानचे हाशिमा हे खाणकामगारांचे बेट १९७४ मध्ये ओस पडले, २००९ पासून पर्यटकांना खुले झाले आणि २०१५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. तिथे सक्तीने राबवलेल्या कोरियन मजुरांचा इतिहास नीट सांगितला जात नाही, ही तक्रार मात्र अजून मिटलेली नाही.

शिस्तीने केलेला शोध काय देऊ शकतो, याचा दाखला जुन्या गोव्यात आहे. सेंट ऑगस्टीनचे चर्च १८३५ मध्ये धर्मसंघांच्या हकालपट्टीनंतर ओस पडले. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग कोसळला. याच ढिगाऱ्यात पुरातत्त्व खात्याला जॉर्जियाच्या राणी केटेवानचे अवशेष सापडले. हैदराबादच्या प्रयोगशाळेने डीएनए तपासले आणि जुलै २०२१ मध्ये भारताने त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला सुपूर्द केला. हौशी भटके हे उदाहरण आपल्या बाजूने देतात, पण ते खरे तर त्यांच्या विरोधातही जाते. तिथे कोणी हौसेने आधी उकरले असते तर संदर्भच हरवला असता.

न सुटलेले

काही मुद्द्यांवर दोन्ही बाजू जवळ आल्या आहेत. काही उचलू नये, परवानगी मागावी, एकटे जाऊ नये, यावर फारसा वाद नाही. पण जागेचा नेमका पत्ता जाहीर करावा की नाही, यावर भटक्यांतच दुफळी आहे. लपवले तर मूठभरांची मक्तेदारी होते, आणि सांगितले तर पुढच्या महिन्यात तुळया चोरणारे येतात. छायाचित्रांमुळे वास्तू वाचते की तिचा भाव फुटून ती लवकर पडते, याची दोन्ही प्रकारची उदाहरणे दिली जातात. आणि गिरणीच्या बाबतीत कामगारांच्या स्मृतीला जागेत वाटा असावा का, हा प्रश्न मुंबईत थोडाबहुत विचारला गेला. सोलापुरात, जिथे कामगारांची घरे कुंभारीच्या माळावर गेली आणि गिरणीची जमीन शहरात राहिली, तिथे तो अजून ऐरणीवर आलेला नाही.

प्रशासनाच्या हाती असलेले साधन साधे आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ नुसार धोकादायक झालेली इमारत पाडण्याची किंवा दुरुस्तीची नोटीस देता येते. पावसाळ्याच्या तोंडावर अशा याद्या निघतात. त्या यादीतल्या वास्तूची पाडण्यापूर्वी मोजणी, छायाचित्रे आणि तिथे राहिलेल्या किंवा राबलेल्या माणसांचे जबाब नोंदवावेत, अशी सूचना वारसाप्रेमी आणि भटके दोघेही करू शकतील. त्याचा खर्च मालकाने उचलायचा, पालिकेने की विकासकाने, आणि नोंद होईपर्यंत इमारत पडली तर जबाबदार कोण, यावर मात्र त्यांचे एकमत होणे कठीण आहे.